पिछाडीचा गडी : ऊवे क्रुप

हॉकी हें नांव उच्चारतांच आपल्या डोळ्यांपुढें उघडें मैदान, टोंकाला वांकविलेल्या काठ्या आणि एक लहानसा कठीण चेंडू उभा राहतो. परंतु युरोपच्या उत्तरेकडील देशांत व विशेषतः कॅनडांत हॉकी म्हटली म्हणजे लोकांस आठवते ती बर्फावरची हॉकी. हिंवाळ्यांत तळीं गोठून दगडासारखीं घट्ट झालीं म्हणजे मुलें पोलादी पात्यांचे जोडे पायांत घालून त्यांवर सरकत व खेळत. त्यांतूनच हा खेळ वाढला. प्रस्तुत लेखांत या खेळांतील एका जर्मन खेळाडूचें चरित्र सांगावयाचें आहे. त्याचें नांव ऊवे क्रुप. तो गोलांमागून गोल करणारा आघाडीचा वीर नव्हता. प्रतिपक्षाला गोल करूं न देणें हें ज्याचें काम, असा तो पिछाडीचा गडी होता. अशा माणसाचें चरित्र कां अभ्यासावें, हें लेख वाचून झाल्यावर वाचकांनींच ठरवावें.

खेळाची ओळख

बर्फावरील हॉकीला नियमबद्ध स्वरूप कॅनडांतील माँट्रिअल शहरीं आलें. तेथें इ. स. १८७५ मध्यें छपराखालीं जो सामना झाला, तो या खेळाच्या इतिहासांतील पहिला नियमित सामना मानला जातो. ज्या अंगणावर हा खेळ होतो त्यास रिंक म्हणतात. क्रुपच्या काळीं युरोपांतील रिंक सुमारें ६० मीटर लांब व ३० मीटर रुंद असे. अमेरिकेंतील रिंक लांबीनें जवळजवळ तेवढीच, पण रुंदीनें मात्र सुमारें २६ मीटर. हा चार मीटरांचा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें तो आपल्या उपयोगी पडेल.

चेंडूऐवजीं येथें टणक रबराची एक चकती असते. तिला पक म्हणतात. तिचा व्यास तीन इंच, जाडी एक इंच आणि वजन सुमारें १७० ग्रॅम. सामन्यापूर्वीं ती थंड करून ठेवतात, म्हणजे बर्फावर ती उसळत नाहीं. जोरदार फटका बसला असतां ती तासाला दीडशें किलोमीटरांहूनहि अधिक वेगानें जाते. रिंकच्या भोंवतीं उंच कठडा असतो. पक त्यावर आदळून परत येतो, आणि खेळाडूहि पुष्कळदां त्यावर आदळतात.

प्रत्येक बाजूस एका वेळीं सहा गडी असतात : एक गोलरक्षक, दोन पिछाडीचे आणि तीन आघाडीचे. वीस वीस मिनिटांचे तीन डाव होतात. वेग फार असल्यामुळें कोणीहि सबंध वेळ खेळत नाहीं. पाऊण एक मिनिट जीव तोडून खेळावयाचें, मग बांकावर बसून दम घ्यावयाचा आणि आपल्या जागीं दुसऱ्यास जाऊं द्यावयाचें, असा क्रम चालतो.

रिंकवर दोन निळ्या रेषा आंखलेल्या असतात. प्रतिपक्षाच्या निळ्या रेषेच्या आंत आपला संघ पक घेऊन शिरला म्हणजे चढाई सुरू झाली असें समजावें. अशा चढाईच्या वेळीं पिछाडीचे दोन गडी त्या रेषेजवळच थांबतात. संधि आली तर तेथून लांबचा फटका मारावा, आणि पक निसटला तर सर्वांच्या आधीं मागें वळून आपला गोल राखावा, असें त्यांचें दुहेरी कर्तव्य असतें.

त्यांपैकीं दुसरें कर्तव्यच मुख्य होय. धांवत येणाऱ्या प्रतिपक्षीयाला कठड्याकडे रेटणें, गोलासमोरची जागा मोकळी ठेवणें, वेळ पडल्यास सुटलेल्या पकासमोर स्वतःचें शरीर आडवें टाकणें, आणि हातीं आलेला पक आपल्या आघाडीच्या गड्यापर्यंत बिनचूक पोंचविणें, हीं त्याचीं नित्याचीं कामें. सामना संपल्यावर कोणीं किती गोल केले हें वर्तमानपत्रांत छापून येतें. जे गोल झालेच नाहींत, ते कोणामुळें झाले नाहींत, हें मथळ्यांत कधीं येत नाहीं. चांगल्या पिछाडीच्या गड्याची कामगिरी पुष्कळदां अशा न घडलेल्या गोष्टींची बनलेली असते.

कोलोनचा मुलगा

ऊवे क्रुपचा जन्म २४ जून १९६५ रोजीं त्या वेळच्या पश्चिम जर्मनींतील कोलोन शहरीं झाला. ऱ्हाइन नदीच्या कांठीं वसलेलें हें शहर तेथील भव्य कॅथीड्रलमुळें जगप्रसिद्ध आहे. त्या कॅथीड्रलचा पाया इ. स. १२४८ मध्यें घातला गेला आणि काम पुरें झालें तें १८८० मध्यें. ज्यांनीं पाया घातला त्यांनीं शिखरें पाहिलीं नाहींत, आणि आज शिखरांकडे मान वर करून पाहणारा प्रवासी पायांतील दगडांचा विचारहि करीत नाहीं.

जर्मन लोकांचें प्रेम मुख्यतः फुटबॉलवर. बर्फावरील हॉकीचीं जुनीं ठाणीं दक्षिणेकडे बव्हेरियाच्या डोंगराळ मुलखांत होतीं. कोलोनचा सध्यांचा हॉकी क्लब १९७२ सालीं निघाला, तेव्हां क्रुप सात वर्षांचा होता. पुढें हा क्लब ‘कोलोनचे शार्क’ या नांवानें प्रसिद्ध झाला. १९८२-८३ च्या हंगामांत, सतरा वर्षांचा असतांनाच, क्रुप या क्लबाच्या मुख्य संघांत खेळूं लागला, आणि १९८४ व १९८६ या दोन वर्षीं कोलोननें जर्मनीचें विजेतेपद मिळविलें तेव्हां तो त्या संघांत होता.

त्याची उंची सहा फूट सहा इंच. पिछाडीच्या गड्याला उंच देह व लांब हात यांचा मोठा लाभ होतो, कारण त्याची काठी दूरवर पोंचते. परंतु या लाभाला दुसरी बाजूहि आहे. बर्फावर झटकन् वळणें आणि लहानखोऱ्या चपळ गड्याच्या मागें लागणें उंच मनुष्यास कठीण जातें. निसर्गानें दिलेल्या देणगीचा उपयोग होण्यासाठींहि अभ्यासाची जोड लागते, ती अशी.

दोनशें चौदावा

उत्तर अमेरिकेंतील नॅशनल हॉकी लीग ही जगांतील सर्वांत नांवाजलेली व्यावसायिक हॉकीसंस्था होय. तिची स्थापना १९१७ सालीं झाली. तिच्यांत एक प्रथा आहे. दर वर्षीं सर्व क्लबांचे प्रतिनिधि एकत्र जमतात आणि होतकरू तरुण खेळाडूंची पाळीपाळीनें निवड करितात. ज्यांच्याविषयीं सर्वांत मोठी आशा, त्यांचीं नांवें आधीं पुकारलीं जातात. ज्यांच्याविषयीं केवळ ‘पाहूं या’ एवढेंच वाटतें, त्यांचीं शेवटीं.

१९८३ सालच्या निवडीत बफेलो शहराच्या ‘सेबर्स’ संघानें ऊवे क्रुपचें नांव घेतलें. त्याच्यापूर्वीं दोनशें तेरा नांवें पुकारलीं गेलीं होतीं. तो दोनशें चौदावा. त्या काळीं जर्मनींत तयार झालेल्या खेळाडूंकडे अमेरिकन क्लबांचें लक्ष क्वचितच जाई. जर्मनींत वाढलेल्या खेळाडूंत त्या लीगमध्यें प्रथम उतरला तो ऊडो कीसलिंग, आणि तोहि पिछाडीचाच गडी. परंतु १९८२ सालीं मिनेसोटाच्या संघातर्फे तो अवघा एक सामना खेळला. त्या एका सामन्यावरून मात्र कोणीं कीसलिंगची परीक्षा करूं नये. मायदेशीं तो पांच ऑलिंपिक स्पर्धांत खेळला, आणि १९७६ मध्यें इन्सब्रुक येथें कांस्यपदक मिळविणाऱ्या पश्चिम जर्मन संघांतहि तो होता.

निवड झाली म्हणून क्रुप लगेच अमेरिकेस गेला नाहीं. तो आणखी तीन वर्षें कोलोनमध्येंच राहिला आणि आपल्याच देशांतील लीगमध्यें तयार होत राहिला. १९८६ सालीं, एकविसाव्या वर्षीं, त्यानें अटलांटिक महासागर ओलांडला.

परदेशांतील दहा वर्षें

बफेलो हें ईरी सरोवराच्या कांठचें, हिमवृष्टीबद्दल प्रसिद्ध असलेलें शहर. तेथें पहिल्या वर्षीं क्रुपला मुख्य संघांत कायमची जागा मिळाली नाहीं. त्या हंगामाचा बराच भाग तो रॉचेस्टर येथील दुय्यम संघातर्फे खेळला. आपल्या देशांत दोनदां विजेत्या संघांत राहिलेल्या तरुणाला पुन्हां खालच्या वर्गांत बसणें सुखाचें वाटलें नसेल; परंतु या खालच्या वर्गाची त्याला गरज होती. येथें वाचकांनीं तो चार मीटरांचा फरक आठवावा. रिंक अरुंद झाली कीं विचार करावयास वेळ कमी मिळतो. युरोपांत पिछाडीच्या गड्याला पक मिळाल्यावर मान वर करून सभोंवार पाहतां येई. अमेरिकेंत तेवढ्या वेळांत प्रतिपक्षीय अंगावर येऊन आदळे. म्हणून पक हातीं येण्यापूर्वींच तो कोणाकडे द्यावयाचा हें मनाशीं ठरलेलें असावें लागे. जुनी सवय मोडून नवी लावणें हें नवें शिकण्याहूनहि अवघड असतें.

क्रुपनें तें साधलें. तो बफेलोच्या मुख्य संघांत स्थिर झाला, आणि १९९१ सालीं लीगमधील निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठीं त्याची निवड झाली. दोनशें चौदावा म्हणून घेतलेला गडी आतां पहिल्या कांहीं डझनांत मोजला जाऊं लागला.

त्याच वर्षीं ऑक्टोबरांत व्यावसायिक खेळाची दुसरी बाजू त्याच्या अनुभवास आली. अमेरिकन क्लब आपसांत खेळाडूंची देवघेव करितात, आणि खेळाडूला बहुधा आपलें बिऱ्हाड उचलून नव्या गांवीं जावें लागतें. न्यू यॉर्कच्या ‘आयलंडर्स’ संघाकडे असलेला पॅट लाफॉंटेन हा नामांकित खेळाडू मिळविण्यासाठीं बफेलोनें जे खेळाडू दिले, त्यांत क्रुप होता. या नव्या संघानें १९९३ मध्यें मागील दोन वर्षांच्या विजेत्या पिट्सबर्ग संघास हरवून सर्वांस चकित केलें. १९९४ सालीं पुन्हां देवघेव होऊन क्रुप कॅनडांतील क्वेबेक शहरीं गेला. एकच वर्ष लोटलें आणि १९९५ सालीं तो सबंध संघच क्वेबेकहून उचलून अमेरिकेंतील डेन्व्हर शहरीं नेण्यांत आला. त्याचें नांव ‘कोलोराडो ॲव्हॅलांच’ असें ठेवण्यांत आलें. चार वर्षांत तीन बदल्या! तरीहि प्रत्येक ठिकाणीं काम तेंच : गोलासमोरची जागा राखणें.

गुडघा

ऑक्टोबर १९९५ मध्यें कोलोराडोच्या नव्या संघाचा पहिला हंगाम सुरू झाला. पहिल्याच सामन्यांत क्रुपच्या गुडघ्यास जबर दुखापत झाली. मांडीचें हाड आणि नडगीचें हाड यांना सांध्याच्या आंत बांधून ठेवणारा एक चिंवट दोरीसारखा बंध असतो; तो तुटला. हा बंध तुटला म्हणजे मनुष्य सरळ चालूं शकतो, परंतु एकाएकीं वळतांना गुडघा दगा देतो. बर्फावरच्या खेळाडूचें तर सारें आयुष्य वळण्यांत जातें. अशा दुखापतींतून सावरावयास बहुधा सहा ते नऊ महिने लागतात, आणि क्रुप तर आतां तीस वर्षांचा होता.

या महिन्यांचें वर्णन कोठल्याहि क्रीडावृत्तांत सांपडणार नाहीं, कारण त्यांत सांगण्याजोगें असें कांहीं घडत नाहीं. अशा काळांत दुखावलेला पाय आज किंचित् अधिक वांकवावयाचा, उद्यां आणखी थोडा, मांडीच्या क्षीण झालेल्या स्नायूंना पुन्हां बळ आणावयाचें, आणि इकडे आपले सोबती सामने जिंकीत असतांना आपण बाहेरून पाहावयाचें, एवढाच कार्यक्रम असतो. त्या नियमित हंगामांत प्रत्येक संघाचे ब्याऐंशीं सामने होते. क्रुपच्या वाट्यास त्यांपैकीं अवघे सहा आले. परंतु वसंत ऋतूंत विजेतेपदाच्या निर्णायक फेऱ्या सुरू झाल्या, तेव्हां तो बर्फावर उभा होता.

एक रात्र

या लीगच्या विजेत्यास स्टॅन्ली चषक मिळतो. कॅनडाचे गव्हर्नर-जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनीं हा चषक १८९२ मध्यें देऊं केला. विजेत्या संघांतील खेळाडूंचीं नांवें त्यावर कोरलीं जातात, म्हणून खेळाडूंस त्याचें महत्त्व सोन्याचांदीहून अधिक वाटतें.

१९९६ च्या अंतिम फेरींत कोलोराडोची गांठ फ्लॉरिडाच्या ‘पँथर्स’ संघाशीं पडली. जो संघ आधीं चार सामने जिंकील तो विजयी, असा नियम. पहिले तीन सामने कोलोराडोनें जिंकले. चौथा सामना १० जून रोजीं रात्रीं मायामी शहरीं सुरू झाला. साठ मिनिटें संपलीं, पण कोणाचाहि गोल झाला नाहीं. अशा वेळीं वीस वीस मिनिटांचे जादा डाव खेळावयाचे आणि ज्याचा गोल आधीं होईल त्यानें जिंकावें, असा नियम आहे. पहिला जादा डाव गेला, दुसरा गेला, मध्यरात्र उलटली. फ्लॉरिडाच्या गड्यांनीं मारलेले त्रेसष्टच्या त्रेसष्ट फटके कोलोराडोचा गोलरक्षक पॅट्रिक रॉय यानें अडविले. पलीकडे फ्लॉरिडाचा गोलरक्षक जॉन व्हॅनबीसब्रूक हाहि तितक्याच निर्धारानें उभा होता. कोलोराडोचे पंचावन्न फटके त्यानें परतविले.

तिसरा जादा डाव सुरू होऊन चार मिनिटें एकतीस सेकंद झालीं होतीं. एकंदर खेळ एकशें चार मिनिटांहून अधिक झालेला. कोलोराडोची चढाई चालू होती आणि क्रुप आपल्या नेहमींच्या जागीं, निळ्या रेषेजवळ होता. पक त्याच्याकडे आला. समोर गड्यांची गर्दी होती. त्यानें जोरानें फटका मारला. तो कोलोराडोचा छप्पन्नावा फटका, आणि गर्दींतून वाट काढून तो गोलांत शिरला. सामना एक विरुद्ध शून्य असा संपला, आणि डेन्व्हरच्या संघानें आपल्या पहिल्याच वर्षीं चषक जिंकला.

जर्मनींत खेळ शिकून स्टॅन्ली चषकावर आपलें नांव कोरून घेणारा पहिला खेळाडू क्रुप ठरला. नियमित हंगामांतील एकंदर ७२९ सामन्यांत त्याचे गोल झाले ते ६९. म्हणजे दर दहा-अकरा सामन्यांत एक. ज्याला लोकांनीं गोलांसाठीं कधींच ओळखलें नव्हतें, त्याचें नांव एका गोलामुळें सर्वतोमुखीं झालें.

येथें क्षणभर थांबून विचार करावा. तो पक दोन बोटें बाजूला गेला असता तर? तर विजयी गोल दुसऱ्या कोणीं केला असता, आणि क्रुपचें नांव आज फारच थोड्यांस ठाऊक असतें. पण त्यामुळें त्या रात्रीच्या आधींच्या शंभर मिनिटांतील त्याचें काम कमी मोलाचें ठरलें असतें काय? त्या शंभर मिनिटांत फ्लॉरिडाचा एक जरी गोल झाला असता, तरी त्याच्या फटक्याची वेळच आली नसती. कीर्ति एका क्षणीं आली; तो क्षण येईपर्यंत सामना टिकवून धरण्याचें काम रॉयनें, क्रुपनें आणि त्यांच्या सोबत्यांनीं मिळून केलें होतें.

उतरता काळ

चरित्रलेखकांना येथेंच थांबण्याचा मोह होतो. परंतु चरित्र खरें असावयाचें तर उतरणीचा भागहि सांगितला पाहिजे. १९९८ सालीं क्रुपनें डेट्रॉइट येथील ‘रेड विंग्ज’ संघाशीं चार वर्षांचा करार केला. पहिल्याच हंगामांत पाठीच्या दुखण्यानें त्याला गांठलें, आणि बावीस सामन्यांनंतर त्याचा खेळ थांबला. क्रुपला बर्फावरच्या गाड्या ओढणाऱ्या कुत्र्यांचा मोठा नाद होता. तो अशीं कुत्रीं बाळगी व त्यांच्या शर्यतींतहि उतरे. जो मनुष्य पाठीच्या दुखण्यानें खेळूं शकत नाहीं तो शर्यतीची गाडी कशी हांकतो, असा प्रश्न क्लबानें उपस्थित केला, आणि त्याचें वेतन थांबविलें. वाद पुष्कळ दिवस चालला. २००१-०२ च्या हंगामांत तो संघांत परतला, पण आठच नियमित सामने खेळूं शकला. पुढच्या हंगामांत अटलांटाच्या संघातर्फे चार सामने खेळून त्यानें खेळाडू म्हणून निरोप घेतला.

या वादांत न्याय कोणाच्या बाजूस होता, हें ठरविणें आपलें काम नव्हे. परंतु त्यांतून एक गोष्ट सर्वांनीं ओळखावी. व्यावसायिक खेळाडूचें शरीर हेंच त्याचें भांडवल, आणि त्या शरीरावर दुसऱ्यानें पैसे लावलेले असतात. आज ज्यास खांद्यावर घेऊन नाचवितात, त्याच्याच दुखण्याची उद्यां वकिलांकरवीं चौकशी होऊं शकते. खेळाला चरितार्थाचें साधन करूं पाहणाऱ्या तरुणानें आणि त्याच्या आईबापांनीं ही बाजूहि पाहून ठेवावी.

गुरूच्या भूमिकेंत

२००५ च्या अखेरीस जर्मनीच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक म्हणून क्रुपची नेमणूक झाली. त्या वर्षीं जर्मनी जागतिक स्पर्धेच्या वरच्या गटांतून खालीं घसरला होता. दुसऱ्याच वर्षीं खालच्या गटांत पहिला येऊन तो संघ पुन्हां वर चढला. परंतु चढउतार संपले नव्हते. २००९ मध्यें जर्मनीचा क्रमांक सोळा संघांत पंधरावा लागला. पुढील वर्षींची स्पर्धा जर्मनींतच भरावयाची होती, आणि यजमानाला स्पर्धेंत स्थान असतेंच, एवढ्यामुळेंच तो खालीं जाण्यापासून वांचला.

ती २०१० ची स्पर्धा सुरू झाली गेल्झनकिर्शन येथील फुटबॉलच्या मैदानावर. तेथें मुद्दाम बर्फ तयार करून ७ मे रोजीं जर्मनी व अमेरिका यांचा सामना भरविण्यांत आला. प्रेक्षकांची संख्या ७७,८०३ भरली. बर्फावरील हॉकीच्या सामन्यास तोंपर्यंत इतके लोक कधीं जमले नव्हते. जर्मनीनें जादा वेळांत दोन विरुद्ध एक असा विजय मिळविला. पुढें स्वित्झर्लंडला एका गोलानें हरवून तो उपांत्य फेरींत गेला. तेथें रशियानें एकाच गोलाच्या फरकानें त्याला थोपविलें, आणि शेवटीं त्याचा क्रमांक चौथा लागला. ज्या संघाचें स्थान आदल्या वर्षीं केवळ यजमानपणामुळें टिकलें होतें, त्यानें १९५३ नंतरची आपल्या देशाची सर्वांत मोठी मजल मारली. या यशाचा पायाहि बचावच होता.

नंतर क्रुप कोलोन, बर्लिन व प्राग येथील क्लबांचा प्रशिक्षक झाला. जर्मनीच्या विजेतेपदाच्या अंतिम फेरीपर्यंत त्याचे संघ तीनदां पोंचले : २०१३ व २०१४ मध्यें कोलोन, आणि २०१८ मध्यें बर्लिन. तिन्ही वेळां विजय हुकला. २०१७ सालीं जागतिक स्पर्धा कोलोन व पॅरिस या दोन शहरीं भरली असतां आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघानें त्याला आपल्या सन्मानमालिकेंत स्थान दिलें. हा समारंभ त्याच्या जन्मगांवीं, कोलोन येथेंच झाला, आणि १९९६ च्या विजयी संघाचा नायक जो सॅकिक यालाहि त्याच वेळीं हा मान मिळाला.

त्याच्यामागून आलेल्यांची वाट आतां रुंद झाली आहे. डेनिस सायडेनबर्ग या जर्मन पिछाडीच्या गड्यानें २०११ मध्यें बॉस्टनतर्फे स्टॅन्ली चषक जिंकला. २०१८ च्या हिंवाळी ऑलिंपिकमध्यें जर्मनीनें रौप्यपदक मिळविलें. त्या संघांत क्रुपचा पुत्र ब्यर्न हा होता, आणि तोहि पिछाडीचाच गडी. २०१९ च्या वार्षिक निवडीत मोरित्स सायडर या जर्मन पिछाडीच्या गड्याचें नांव सहावें पुकारलें गेलें, आणि २०२२ मध्यें लीगमधील सर्वोत्तम नवोदिताचा मान त्यानें मिळविला. दोनशें चौदावा ते सहावा, हें अंतर कापावयास जर्मन हॉकीला छत्तीस वर्षें लागलीं.

या चरित्राचा बोध

विद्यार्थिमित्रहो, ‘मुकाट्यानें काम करीत राहा, म्हणजे एक दिवस तुमचाहि विजयी गोल होईल’ असें जर कोणी या चरित्रावरून तुम्हांस सांगूं लागला, तर त्यावर एकदम विश्वास ठेवूं नका. पिछाडीचे शेंकडों गडी सारा जन्म खेळतात, आणि त्यांच्या वाट्यास अशी रात्र कधीं येत नाहीं. कीसलिंगला त्या लीगमध्यें एकच सामना मिळाला. प्रशिक्षक क्रुपलाहि अंतिम फेरींत तीनदां हार पत्करावी लागली. कष्टाला फळ मिळतेंच, असें खेळाचा इतिहास सांगत नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं, ज्या वेळीं पक तुमच्याकडे येईल त्या वेळीं तुम्ही आपल्या जागीं उभे असलें पाहिजे. आणि जागेवर उभें राहणें हें फळ येवो वा न येवो, संघासाठीं करावयाचें असतें.

प्रेषित पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना शरीराचा दृष्टांत दिला आहे. शरीर एक, पण अवयव पुष्कळ. आणि जे अवयव दुर्बल वाटतात त्यांचीच शरीराला मोठी गरज असते, असा त्याचा आशय आहे. संघ हें असेंच एक शरीर, कुटुंब हें असेंच, आणि शाळाहि अशीच. बक्षीससमारंभाच्या दिवशीं दहापांच नांवें वाचलीं जातात. ज्यानें आजारी सोबत्याला रोजचा पाठ नेऊन दिला, जी मुलगी धाकट्या भावंडांना सांभाळून मग अभ्यासाला बसली, ज्या शिपायानें सर्वांच्या आधीं येऊन वर्ग झाडले, त्यांचीं नांवें त्या यादींत नसतात. त्यांच्यामुळें किती गोष्टी बिघडल्या नाहींत, याची मोजदाद कोणी केलेली नसते.

पालकांसहि एक विनंति आहे. मुलाचें प्रगतिपत्रक हातीं आलें म्हणजे आपली दृष्टि प्रथम क्रमांकाच्या रकान्याकडे जाते. क्रमांक पाहावा, त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु अठराव्या वर्षीं दोनशें चौदावा ठरलेल्या मुलाच्या अंगीं काय आहे, हें त्या आंकड्यावरून कोणासहि कळलें नव्हतें; तें कळावयास तेरा वर्षें आणि एक दुखावलेला गुडघा लागला. म्हणून आपला मुलगा वा मुलगी ज्या जागीं उभी आहे, ती जागा इमानानें राखीत आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. आणि राखीत असल्यास, कोठें छापून येण्याची वाट न पाहतां, शाबासकीचा एक शब्द घरींच द्यावा.